मूळ वस्तूचा मोह

संग्रह करण्याची हौस मनुष्यास केव्हां जडली हें सांगणें कठीण आहे. परंतु कोणती वस्तु संग्रहास योग्य समजावयाची याविषयीं प्रत्येक पिढीचा निर्णय निराळा असतो एवढें खास. आमच्या आजोबांच्या पिढीनें पोथ्या जमविल्या, वडिलांच्या पिढीनें नाणीं व पोस्टाचीं तिकिटें जमविलीं, आणि आज आमच्याच घरांतील चांगले शिकलेसवरलेले तरुण चित्रपटांत नटांनीं घातलेलीं शिरस्त्राणें, झगे आणि लांकडी हत्यारें जमवीत आहेत. ही हौस प्रथम कानांवर आली तेव्हां मला हंसूं आलें. मग कुतूहल वाटलें. आणि अखेरीस तिच्यामुळें आमच्या कुटुंबांत असा एक प्रश्न उभा राहिला कीं त्याचा निर्णय करतांना माझी झोंप उडाली. जुनी पेटी आणि नवा गिऱ्हाईक ज्या ज्या घरांत समोरासमोर येतील त्या त्या घरांत तो प्रश्न उभा राहण्यासारखा आहे. म्हणून तो सविस्तर मांडीत आहें.

माझा धाकटा पुतण्या कांहीं वर्षांपासून अमेरिकेंत असतो. ग्रहांवर स्वारी करणारे वीर, यंत्रमानव, परग्रहावरून आलेले पाहुणे अशांच्या ज्या अद्भुत कथा विज्ञानाचा आधार घेऊन चित्रपटांत दाखवितात, त्यांचें त्याला बाळपणापासून वेड. शिक्षण झालें, नोकरी लागली, संसार झाला. वेड मात्र कायम राहिलें, आणि हातांत पैसा आल्यावर त्यानें संग्रहाचें रूप घेतलें. गेल्या दिवाळींत तो साताऱ्यास आला असतां फराळाच्या वेळीं त्यानें आपल्या संग्रहाचीं चित्रें आम्हांस दाखविलीं. एक करडा अंगरखा, एक फुटकें शिरस्त्राण, दिवा नसलेली एक बंदूक. बाजारांत याहून सुबक खेळणीं मिळतात. "पण काका," तो म्हणाला, "हीं खेळणीं नव्हेत. हीं मूळ आहेत. पडद्यावर दिसलीं तींच हीं."

त्यानें सांगितलेली हकीगत ऐकण्यासारखी होती. ‘स्टार ट्रेक’ नांवाची मालिका अमेरिकेंत १९६६ ते १९६९ या काळांत दाखविली गेली. तींतील आकाशनौकेची सुमारें अकरा फूट लांबीची प्रतिकृति १९७४ सालीं स्मिथ्सोनियन संस्थेस देण्यांत आली, आणि वॉशिंग्टन येथील ज्या संग्रहालयांत खरींखुरीं विमानें व अंतराळयानें ठेविलीं आहेत तेथेंच तीहि आहे. त्याच कथेच्या पुढील मालिकेसाठीं केलेल्या दुसऱ्या नौकेची प्रतिकृति २००६ सालीं न्यूयॉर्कच्या एका लिलांवांत ५,७६,००० डॉलरांस गेली. विज्ञानकथा सोडून इतर चित्रपटांकडे पाहिलें तर आंकडे याहून मोठे. १९३९ सालच्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटांतील नायिकेचे लाल टिकल्यांचे जोडे एकाहून अधिक होते. त्यांतील एक जोड १९७० सालीं १५,००० डॉलरांस विकला गेला. दुसरा एक जोड २००५ सालीं संग्रहालयांतून चोरीस गेला, २०१८ सालीं सांपडला, आणि २०२४ च्या डिसेंबरांत लिलांवाच्या दस्तुरीसह ३ कोटि २५ लक्ष डॉलरांस गेला. आमच्या वहिनी शेव तळतां तळतां ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्या पैशांत आख्खी चांभारआळी सोन्याची होईल." पुतण्यानें मान डोलविली; परंतु त्याच्या डोळ्यांतील तेज कमी झालें नाहीं.

मला या प्रसंगीं आठवण झाली ती भरतमुनींच्या नाट्यशास्त्राची. मुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. आहार्य म्हणजे बाहेरून आणलेला. वेष, अलंकार, रंग आणि सामान यांनीं साधावयाचा. त्याचे पुन्हां पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे भेद आहेत. पुस्त म्हणजे बांबू, कापड, चामडें, लाख इत्यादिकांच्या साह्यानें केलेल्या कृत्रिम वस्तू. आणि त्यांच्या यादींत पर्वत, ढाली, चिलखतें, ध्वज यांच्या जोडीला विमानांचाहि उल्लेख आहे. तेव्हां रंगावर लटकें विमान आणण्याची कल्पना अमेरिकेंतील चित्रशाळांत जन्मास आली असें समजण्याचें कारण नाहीं. मुनींचा दुसरा एक उपदेश तर अधिक मार्मिक आहे. रंगभूमीवर जड धातूंचीं खरीं आयुधें व सोन्याचे भारी अलंकार आणूं नयेत, त्यांनीं नट थकतो. तीं हलक्या पदार्थांचीं करावींत, असा तो उपदेश. म्हणजे नाटकांतील तरवारीचा गुण तिच्या खोटेपणांत आहे. ती खरी असती तर ती वाईट तरवार ठरली असती! आणि संग्राहक शोधतो तें काय? या खोट्या तरवारींतली खरी तरवार. या विरोधाभासावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला असें दिसून आलें कीं त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. देवळांतील उत्सवमूर्तीच्या अंगावरचें वस्त्र प्रसाद म्हणून घरीं आणणारी आमची आजीहि याच भावनेनें तें जपून ठेवीत असे. वस्त्र सुताचेंच, परंतु तें कोठें होतें यावर त्याची योग्यता ठरे.

या बाबतींत आमचा कृष्णाकांठ कोणत्याहि देशाला हार जाणारा नाहीं. सांगलीचे अधिपति चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें; त्याचें स्मरण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमि दिन पाळतात. त्या वेळच्या नाटकांत सरस्वती मोरावर बसून येत असे. तो मोर म्हणजे आजच्या भाषेंत सांगावयाचें तर नटाच्या कमरेस बांधलेलें वाहनच. भावे स्वतः कुशल कारागीर होते. त्यांनीं लांकडी कळसूत्री बाहुल्या केल्या होत्या. त्या बाहुल्या शतकाहून अधिक काळानंतर रामदास पाध्ये यांनीं दुरुस्त करून पुन्हां लोकांसमोर नाचविल्या, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सांगलीजवळचें हरिपूर हें गोविंद बल्लाळ देवल यांचें गांव, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्म सांगलीचा. इकडे साताऱ्याचें जुनें नांव शाहूनगर. त्या नांवानें निघालेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळींत गणपतराव जोशी यांनीं हॅम्लेटची भूमिका गाजविली. आणि बालगंधर्व! १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या शालूंचा, पैठण्यांचा व अत्तरांचा थाट असा असे कीं चांगल्या घरच्या स्त्रिया रंगभूमीवर पाहून लुगडें नेसण्याची तऱ्हा उचलीत. ज्या नटानें राणीवशाचें वैभव दाखविलें त्यानेंच १९१९ पासून ‘एकच प्याला’ मधील सिंधूच्या दारिद्र्यांत प्रेक्षकांना रडविलें. पोशाखाचें सामर्थ्य यापेक्षां निराळें काय सांगावें?

मग या एवढ्या संपत्तीपैकीं आज घरोघर कितीशी उरली आहे? फारच थोडी, आणि त्याचें मुख्य कारण चांदी. जुन्या शालूची जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचें पाणी दिलेली चांदीची तार. वस्त्र विरलें कीं जुनी जर घेणारा दारावर येई, तें जाळून चांदी काढी. जरीचें नसेल तें बोहारणीच्या पाटींत जाई व त्याचें पातेलें होऊन परत येई. यांत गृहिणींचा दोष नाहीं. पातेल्याची गरज होती. गंमत ही कीं चित्रपटांच्या फिल्मचेंहि नेमकें असेंच झालें. त्या पट्टींतहि चांदीचा अंश असतो; तो काढून घेण्यासाठीं कित्येक मूकपट वितळविण्यांत आले. फ्रान्समध्यें ज्यानें १९०२ सालीं चंद्रावरील सफरीचा चित्रपट काढला त्या जॉर्ज मेलिएसच्या फिल्मी पहिल्या महायुद्धांत वितळवून त्यांच्या द्रव्याच्या बुटांच्या टांचा केल्या गेल्या. उरलेल्यांपैकीं पुष्कळशा त्यानें स्वतःच १९२३ सालीं निराशेनें जाळल्या. आमच्या दादासाहेब फाळक्यांचें ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचें. त्यांच्या मूकपटांपैकीं बहुतेक नाहींसे झाले, कांहींचे नुसते तुकडे उरले. तेवढे तरी हातीं लागले याचें श्रेय १९६४ सालीं पुण्यास निघालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास आणि तेथें गांवोगांवहून डबे गोळा करणाऱ्या पी. के. नायर यांना आहे. पोशाख व सामान यांचें दैव तर याहून खडतर. एका चित्रपटाचा झगा दुसऱ्या चित्रपटांत बाह्या कापून वापरीत. कोणी तें मुद्दाम नष्ट करीत. १९६८ सालीं अंतराळप्रवासाचा जगप्रसिद्ध चित्रपट काढणाऱ्या स्टॅन्ली कुब्रिकनें आपल्या नौका दुसऱ्या कोणी वापरूं नयेत म्हणून त्यांचा नाश करविला. त्यांतून एक वाटोळी चंद्रनौका इंग्लंडांत एका गृहस्थाकडे वांचली, ती २०१५ सालीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें ३,४४,००० डॉलर देऊन घेतली. म्हणजे एकानें टाकावें, दुसऱ्यानें कारण न समजतां ठेवावें, आणि तिसऱ्यानें तें धन म्हणून उचलावें, असा या संग्रहाचा नेहमींचा क्रम आहे.

आतां आमच्या घरची गोष्ट. माझे एक चुलत आजोबा एका संगीत नाटक मंडळींत कपडेपटावर होते. खेळ संपल्यावर पोशाख मोजून घेणें, घामाचे डाग काढणें, वाळविणें, उसवलें असेल तें शिवणें, आणि मंडळीचा मुक्काम हालला कीं पेट्या गाडींत चढविणें हें त्यांचें काम. मंडळी मोडली तेव्हां बाकी पगाराच्या ऐवजीं त्यांना एक पत्र्याची पेटी मिळाली. ती आमच्या सांगलीच्या वाड्यांत माझ्या थोरल्या चुलतबंधूंकडे, म्हणजे दादांकडे, आहे. तींत एक अंजिरी शालू, कागदाच्या लगद्यावर बेगड लावून केलेला किरीट, दोन लांकडी तरवारी, पितळी बाजूबंद, एक गंगावन आणि मोडींत लिहिलेली एक वही असें सामान. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलींत शिरलें तेव्हां सांगलीच्या वहिनींनीं प्रथम देव, मग धान्य आणि तिसरी ही पेटी माळ्यावर चढविली. पाणी ओसरल्यावर दादा म्हणाले होते, "त्या चिंध्यांसाठीं कंबर मोडून घेतलीस!"

गेल्या वर्षीं त्याच चिंध्यांना गिऱ्हाईक आलें. असलें सामान घेणारा एक व्यापारी कोणाकडून तरी बातमी लागून वाड्यावर आला. शालू नुसता जुना म्हणून घ्यावयाचा तर पंचवीस हजार. बालगंधर्वांनीं तो रंगभूमीवर नेसला होता असें घरांतल्या जबाबदार माणसानें लिहून दिलें तर आठ लक्ष, असा त्यानें भाव सांगितला. त्याच महिन्यांत दादांच्या नातीस वैद्यकीच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला होता आणि फीचा आंकडा ऐकून घरांतील सर्वांचीं तोंडें उतरलीं होतीं. आमच्या घरांत तो शालू ‘गंधर्वांचा शालू’ म्हणूनच ओळखला जातो. दादांनीं मला सांगलीस बोलावून घेतलें आणि म्हणाले, "अरे, तूं जन्मभर मुलांना संस्कृत शिकवलेंस. तुझ्या सहीला वजन आहे. दोन ओळी लिहून दे."

मीं पेटी उघडून पाहिली आणि तीन दिवस ती वही वाचीत बसलों. येथें मला पुतण्याच्या विद्येचा उपयोग झाला हें सांगितलें पाहिजे. त्याच्यासारखे संग्राहक मूळ वस्तु ओळखण्यासाठीं चित्रपट थांबवून एकेक चित्र निरखतात. शिरस्त्राणावर अमुक ठिकाणीं ओरखडा आहे, शिवण अमुक जागीं वांकडी आहे, असें पाहून हातांतील वस्तूशीं ताडून पाहतात. शिवाय एका वस्तूवरून सांचा काढून दुसरी ओततात, दुसरीवरून तिसरी; ओतकाम सुकतांना किंचित् आकसतें, म्हणून प्रत्येक पिढी मागीलपेक्षां अंमळ लहान व पुसट निघते, आणि त्यावरून तिची वंशावळ लावतां येते. हें ऐकून मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण झाली. १९१९ सालीं आरंभ झालेलें तें काम १९६६ सालीं पुरें झालें. शेंकडों हस्तलिखितें जमवून कोणत्या प्रतीवरून कोणती उतरली, कोठें लेखकाचा डोळा चुकला, कोठें पदरचें घातलें, हें त्या पंडितांनीं ठरविलें. जिल्हा निराळा, लिपि निराळी, विद्या एकच. पुष्कळांनीं एकच चूक केली म्हणून ती खरी होत नाहीं, आणि जुनी म्हणून कोणतीहि प्रत मूळ ठरत नाहीं.

वहीवर शके १८४० आहे, म्हणजे इसवी सन १९१८. तींत प्रत्येक वस्त्रास धाग्याच्या गांठींची खूण दिलेली आहे. आमच्या शालूच्या आंतल्या कोंपऱ्यास तांबड्या धाग्याच्या तीन गांठी आहेत. आणि वहींत तीन तांबड्या गांठींपुढें नोंद आहे ती अशी कीं, शालू अंजिरी, सखीचा, दुसरा अंक. पुढें तो नेसणाऱ्या मुलाचें नांव व उंची. राणीच्या वस्त्रास निराळी खूण आहे आणि तें वस्त्र पेटींत नाहीं. मंडळीहि गंधर्वांची नव्हे. मग ‘गंधर्वांचा शालू’ हें नांव आलें कोठून? माझी वृद्ध आत्या अजून हयात आहे. तिला मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "आमची आई म्हणायची, हा शालू गंधर्वांच्या वेळचा." मधला एक शब्द दोन पिढ्यांत गळून पडला होता! हस्तलिखितांत याला पाठलोप म्हणतात.

मीं हें दादांस सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "तुला बालगंधर्वांचा म्हणून कोण लिहायला सांगतोय? ‘आमच्या घरांत हा बालगंधर्वांचा म्हणून सांगत आले आहेत,’ एवढेंच लिही. यांत खोटें काय आहे?"

हें वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि तेथेंच खरी अडचण होती. उघड असत्य नाकारण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. सत्याचा वेष घेतलेलें असत्य नाकारतांना मात्र माणसाची कसोटी लागते. मला धर्मराजाची आठवण झाली. अश्वत्थाम्याविषयीं तो जें बोलला त्यांतील प्रत्येक शब्द खरा होता. तरीहि त्याचा जमिनीपासून चार बोटें वर चालणारा रथ त्या क्षणीं जमिनीस टेकला, कारण ऐकणारा काय समजेल हें त्याला ठाऊक होतें. मीं म्हटलें, "दादा, वाक्य खरें आहे; पण तें वाचून घेणारा जें समजेल तें खरें नाहीं. आणि आठ लक्ष तो त्या समजुतीचे देणार आहे, शालूचे नव्हे."

"आणि पोरीच्या फीचें काय? तुझें व्याकरण भरणार आहे ती?" दादांचा आवाज चढला. त्यांचा प्रश्न गैर नव्हता. ज्याच्या खिशांत पैसा नाहीं त्याला सत्याची किंमत अधिक पडते, आणि ती माझ्या सहीनें त्यांच्यावर पडत होती, माझ्यावर नव्हे. मला उत्तर सुचेना. त्या वेळीं वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या आणि शालूवर हात फिरवीत म्हणाल्या, "सखीचा असला म्हणून काय बिघडलें? सखी नसती तर राणी मनांतलें बोलली कुणाशीं असती?"

शेवटीं मीं अर्धें पान लिहून दिलें. वहींतील नोंद, गांठींची खूण, आत्याचें सांगणें, आणि घरांत चालत आलेलें नांव, असें सर्व त्यांत आहे. कोणती गोष्ट पाहिलेली व कोणती ऐकीव हें निरनिराळें लिहून खालीं सही केली. तें वाचून व्यापारी पुन्हां आला नाहीं. नातीच्या शिक्षणासाठीं दादांनीं बँकेचें कर्ज काढलें. सत्तरी उलटलेल्या माणसानें जामीनपत्रावर सही करतांना हात कांपला, तो मीं शेजारीं बसून पाहिला. मीहि माझ्या ठेवींतून जमेल तेवढी भर घातली. परंतु तिनें आठ लक्षांची भरपाई होत नाहीं हें दादांना ठाऊक आहे आणि मलाहि. दोन महिने त्यांच्या दूरध्वनींत खुशालीपलीकडे शब्द नव्हता. आतां बोलणें पूर्ववत् सुरू आहे. तरी पेटीचा विषय ते माझ्यापुढें काढीत नाहींत, आणि मी काढावा असें मलाहि वाटत नाहीं.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित घडली. त्या नातीनेंच सुटींत माझ्याकडून मोडी शिकावयास आरंभ केला आणि वहीचें बाळबोध करूं लागली. वहींत चौदा मुलांचीं नांवें आहेत. कोणाची उंची, कोणाच्या चोळीचें माप, कोणास जरीनें खरूज उठते म्हणून आंतून अस्तर लावल्याची नोंद. हीं मुलें पुढें कोठें गेलीं कोणास ठाऊक! त्यांच्यावर कोणी चरित्र लिहिलें नाहीं. राणीच्या मागें पंखा धरून उभा राहणारा तो मुलगा सव्वापांच फूट उंच होता व त्याच्या शालूस तीन तांबड्या गांठी होत्या, एवढें आज आमच्या घरांत एका मुलीला माहीत आहे.

पुतण्यास हें सर्व कळविलें तेव्हां शालू आपल्या संग्रहासाठीं न्यावा असें त्याच्या मनांत आलें होतें, हें त्यानें कबूल केलें. परंतु १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील अशी कलाकुसरीची वस्तु खाजगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. परदेशीं मुलें असलेल्या कुटुंबांनीं हें विसरूं नये. त्यानें शालू सोडला आणि त्याऐवजीं वस्त्रांत घालण्यासाठीं आम्लरहित कागद धाडला. त्याच्याकडून व कांहीं जाणत्यांकडून जपणुकीचे जे नियम कळले ते गृहिणींच्या उपयोगी पडतील म्हणून देतों. जरीचें रेशीम नेहमीं एकाच घडीवर ठेवूं नये. घडीवर जर मोडते, म्हणून वर्षांतून दोनतीनदां घडी बदलावी, किंवा रुळावर गुंडाळावें. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडांत ठेवावें; प्लॅस्टिकच्या पिशवींत घालूं नये, ओल कोंडते. डांबराच्या गोळ्या जरीस लागूं देऊं नयेत. त्यापेक्षां वेखंडाची पुरचुंडी कोंपऱ्यांत ठेवावी. हवा द्यावी ती सावलींत, पाऊस संपल्यावर. उन्हांत रंग उडतो. बेगडाचा किरीट ओल्या फडक्यानें पुसूं नये, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. लोखंडी पेटी असेल तर तळाशीं जाड कापड अंथरावें, म्हणजे गंज वस्त्राला लागणार नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र शाईचा आहे. अनेक घरांत माळ्यावर अशा पेट्या असतील. कोणाचे आजोबा नाटक मंडळींत होते, कोणाचे मामा कोल्हापूर-पुण्याच्या चित्रशाळांत रंगारी किंवा सुतार होते. १९२९ सालीं कोल्हापुरास निघून १९३३ सालीं पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीनें आपल्या ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटांत तुकोबांना गरुडावर बसवून वैकुंठास पाठविलें, तो गरुड कोणीतरी हातांनींच घडविला असेल ना? अशा हातांच्या खुणा घरोघर पडलेल्या असतात. ज्यांच्याजवळ त्या आहेत त्यांनीं म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावें, एकहि शब्द गाळूं नये, आपल्या पदरचा घालूं नये. कोणी सांगितलें व केव्हां सांगितलें तें लिहावें, आणि तो कागद वस्तूजवळच ठेवावा. पुढें कधीं गिऱ्हाईक आलें तर त्यालाहि तोच कागद दाखवावा. भाव कमी येईल, कदाचित् येणारहि नाहीं. परंतु पेटीवर आपण काय लिहून ठेवलें तें घरांतलीं मुलें वाचीत असतात, आणि पुढें त्यांचीं मुलें तें खरें समजून चालणार असतात.